ळ सापडला, शून्य हरवलं

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गायनवर्गाचं छत गळतं. मल्हाराच्या रियाजाला ते एकवेळ चालून गेलं असतं, पण तंबोऱ्याच्या भोपळ्यात पाणी जायला लागलं तेव्हा पाच लाखांचा निधी जमवायचं ठरलं. मी मुलाच्या मुंजीची पत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर केली होती. एवढ्या भांडवलावर फलकाचं काम माझ्या गळ्यात पडलं. "लक्षवेधी पाहिजे हं," अध्यक्षकाका म्हणाले.

मी अभ्यासाला बसलो. इंचभर उंचीचं अक्षर दहाएक फुटांवरून नीट वाचता येतं. म्हणजे टेम्पोतून जाणाऱ्याच्या नजरेत भरायचं तर चांगली पाच-सहा इंची अक्षरं हवीत, आणि सहा बाय चारच्या फ्लेक्सवर ती मावणार कितीशी? काळ्यावर पिवळ्या अक्षरात मी चार शब्द लिहिले: 'छत गळतंय. हात द्या.' खाली रक्कम. बस्स.

सभेत कुणी काही बोललं नाही. मग काकू हळूच म्हणाल्या, "आणि सरस्वती?"

तिथून धरण फुटलं. तानसेन हवाच, त्याची कबर आपल्या गावात. किल्ला हवा. ख्यालाचं सर्वांत जुनं घराणं आपलं, हे तर ठळक हवं. आजी-माजी अध्यक्षांचे फोटो तर न सांगता आले. शेवटी तानसेन पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला आणि अध्यक्षकाका बुरुजाएवढे झाले. एका विद्यार्थ्याच्या हिंदीभाषक वडिलांनी ओळ सुचवली: 'कला को बचाने की एक चेष्टा'. सचिव म्हणाले, "ती तर आपण करतोच आहोत."

माझे चार शब्द मात्र मी भांडून राखले आणि फ्लेक्सच्या दुकानात गेलो. ऑपरेटरने पहिला नमुना दाखवला: 'छत गलतंय'.

"भैया, यहाँ ल नहीं, ळ चाहिए."

"वही तो है भाईसाब. छत गलत बनी है, यही ना?"

तसं ते खोटंही नव्हतं. पण मी कागदावर ळ काढून दाखवला. त्याने मान तिरकी करून पाहिला. "ये आठ है क्या, लेटा हुआ?" मग फॉन्ट बदल, चौकोन येतायत, पुन्हा बदल, असा तास गेला. रात्री फोनवर तिसरा नमुना आला. आम्ही सगळ्यांनी तो बोटांनी मोठा करकरून ळ पाहिला. काय सुरेख गाठ होती! काकूंनी तर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी 'ओके' कळवलं.

फलक लागल्यावर तिसऱ्या दिवशी गणिताचे निवृत्त मास्तर येऊन उभे राहिले. "संकल्प ५०,००० चा का रे?"

पोटात गोळा आला. एक शून्य गळालं होतं, छतासारखंच.

मास्तरांना विषयच मिळाला. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, त्यातला ८७६ सालचा शिलालेख म्हणजे तरी काय? दानाचा फलकच. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब जमीन, रोज ५० माळा. दोन्ही आकड्यांत शून्य कोरलेलं, जग ते बघायला येतं. "अकराशे वर्षं टिकलं ते. ना फोटो, ना मोबाईल नंबर. आणि त्याच गावात तुम्ही..." पुढचं त्यांनी मला ऐकवलं, इथे लिहीत नाही.

नवीन फ्लेक्सला पैसे कुठले? त्यातून देणगीचे साठ हजार जमले होते आणि लोक अभिनंदन करून पुढे जात होते: "झालं ना तुमचं!"

शेवटी काकूंनी हातातली पिवळी प्लास्टिकची बांगडी काढली आणि तारेने आकड्याच्या शेवटी बांधून टाकली. आता लोक खरंच थांबतात, बांगडी कुणाची म्हणून विचारतात, आणि एकदा थांबलेल्या माणसाला काकू पावती फाडल्याशिवाय सोडत नाहीत. कोषाध्यक्ष तेवढे नाराज आहेत. त्यांच्या मते स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे.