पाण्याच्या बैठकीत मत कोणाला?

आमच्या कॉलनीत सामाईक बोरिंगच्या पाण्यावरून गेल्या उन्हाळ्यात जो वाद झाला, तो मिटूनही आता बरेच महिने उलटले आहेत. तरी त्यातून निघालेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही आणि तो आमच्या चाळीस घरांपुरता आहे असेही वाटत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

इंदूरकरांना परिस्थिती ठाऊकच आहे. नर्मदेचे पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येते आणि उरलेली गरज बोरिंगवर भागते. एप्रिलच्या अखेरीस आमच्या बोरिंगची पातळी इतकी उतरली की मोटर अर्ध्या तासातच हवा ओढू लागली, तेव्हा रहवासी संघाने बैठक बोलावली. बैठकीला आलेले सर्व जण घरमालक होते आणि दोन अपवाद सोडले तर सर्व पुरुष होते. पाणी नक्की किती कमी झाले आहे, याबद्दल प्रत्येकाचा अंदाज निराळा होता. ज्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्या घरातल्या काकू बराच वेळ आतून ऐकत होत्या. शेवटी त्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढून घेऊन आल्या. टाकी भरायला किती मिनिटे लागली, हे त्यांनी फेब्रुवारीपासून प्रत्येक तारखेच्या चौकटीत लिहून ठेवले होते. फेब्रुवारीत 35 मिनिटांत भरणारी टाकी एप्रिलमध्ये सव्वा तासावर गेली होती. त्या बैठकीतली एकमेव खरी मोजणी ज्या व्यक्तीने केली होती, तिला बैठकीचे बोलावणेच नव्हते.

पुढचा वाद वाटणीचा होता. बोरिंग खणताना वर्गणी प्लॉटच्या आकाराप्रमाणे काढली होती, म्हणून मोठ्या प्लॉटवाल्यांनी पाणीही त्याच प्रमाणात मागितले. दुसरीकडे, लहान प्लॉटवरच्या एका घरात सात माणसे राहतात आणि वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंची तर कोठे नोंदच नव्हती. त्या वेळी मी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचे उदाहरण सांगितले. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी जे काम उभे केले, त्याचा पाया असा होता की पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नाही, तो माणसांच्या संख्येवर ठरतो. दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले होते. सभासदांनी योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्साही स्वतः उचलला होता. मला या सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की सभासद कोण, हे तेथे पाण्याची वेळ ठरवण्याच्या आधी ठरले होते.

अखेर आमच्याकडेही माणशी हिशेब मान्य झाला. प्रत्येक घराच्या व्हॉल्व्हची वेळ माणसे मोजून ठरली, भाडेकरू त्यात धरले गेले, आणि पाइप लावून गाडी धुणे जुलैपर्यंत बंद झाले. हे सहज झाले नाही. दोन कुटुंबे अजून आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र हाच प्रश्न शहराच्या पातळीवर विचारला, तर उत्तर अधिक अवघड होते. नर्मदा इंदूरला यावी म्हणून 1970 मध्ये येथल्या नागरिकांनी आंदोलन केले आणि 1978 मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून, 400 मीटरहून अधिक चढ चढून ते येते, आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेचा भार महापालिकेला जड जातो. तो हलका व्हावा म्हणून जलूदच्या परिसरात 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प ठरला, आणि त्याकरिता 2023 मध्ये महापालिकेने 244 कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले, तेव्हा सामान्य नागरिकांनीही त्यांत पैसे गुंतवले. म्हणजे पाणी आणण्यासाठी लढणारे नागरिक, आणि पाणी चढवण्यासाठी भांडवल देणारेही नागरिकच. ते पाणी आपल्या वॉर्डात कोणत्या वेळी आणि कोणत्या क्रमाने सोडावे, याबद्दल मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

घरात नळ आला तशी बावडीवरची, म्हणजे मोहल्ल्याच्या पायऱ्यांच्या विहिरीवरची, नजर हटली, असे मला वाटते. पूर्वी बावडीचा गाळ कधी काढायचा, तेथे कपडे धुवायचे की नाही, हे तिचे पाणी पिणारा मोहल्लाच ठरवीत असे. 2023 च्या रामनवमीला पटेल नगरात बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळून 36 जणांचा जीव गेला, आणि पायाखाली बावडी आहे हे त्यांतल्या अनेकांना माहीतही नसावे, हा विचार आजही अस्वस्थ करतो. सिरपूरच्या तलावाचे भाग्य वेगळे ठरले. होळकरांच्या काळातला तो तलाव अतिक्रमण आणि सांडपाणी यांच्या कचाट्यात सापडला असताना भालू मोंढे आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे तेथे पहारा दिला, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, प्रशासनाच्या पायऱ्या झिजवल्या. 2022 मध्ये सिरपूरला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामागे ही चिकाटी आहे. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाने हे केले, याचा मला अभिमान आहे. तरीही एका माणसाच्या चिकाटीवर तलाव टिकावा, ही व्यवस्था पुरेशी नाही.

कायद्यात जागा आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली. गावांसाठी तर 2019 च्या जल जीवन मिशनने पाणी समिती आणि तिच्यात निम्म्या स्त्रिया, असे स्पष्ट सांगितले आहे. खेड्यातल्या बाईला किमान कागदावर जी खुर्ची मिळाली, ती आमच्या काकूंना शहरात का नसावी? आपल्याला बोलावले जाते ते तलावातला गाळ काढायला, श्रमदानाला. मी स्वतः त्यात पाट्या उचलल्या आहेत आणि पुढेही उचलीन. परंतु गाळ काढून झाल्यावर त्या तलावात कोणते नाले सोडले जातात आणि त्याच्या काठावर कशाला परवानगी मिळते, हे विचारण्याचा अधिकारही गाळ काढणाऱ्यांना हवा.

लोकांच्या हाती दिले की बलवान माणसे समिती बळकावतात, हा आक्षेप मला खरा वाटतो. आमच्या पहिल्या बैठकीत तेच घडत होते. म्हणूनच प्रत्येक वॉर्डाच्या पाणी समितीत भाडेकरू, स्त्रिया आणि वस्तीतली कुटुंबे यांच्या जागा आधी ठरवाव्यात, वॉर्डात रोज किती पाणी सोडले याचा आकडा टाकीवर फळा लावून लिहावा, आणि टंचाईच्या काळात कपातीचा क्रम त्या समितीने ठरवावा, अशी माझी मागणी आहे. व्हॉल्व्ह फिरवणारे कर्मचारी बंधूही त्या समितीत असावेत, कारण कोणत्या गल्लीला दाब पुरत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आता आमच्याकडे उरलेल्या गोष्टीबद्दल. कॉलनीच्या मागच्या भिंतीला एक नळ आहे. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंची अकरा कुटुंबे त्यावर पाणी भरतात. गेल्या वर्षी माणसे मोजताना आम्ही त्यांना मोजले नाही; दयेपोटी रोज वीस मिनिटे नळ सोडला आणि त्यात समाधान मानले. मीही मानले. येत्या रविवारी यंदाच्या उन्हाळ्याची पहिली बैठक आहे. त्या अकरा कुटुंबांतल्या दोघींना बोलावणे मी स्वतः जाऊन दिले आहे, आणि दिनदर्शिका घेऊन काकूही येणार आहेत.