२०२५मध्ये नवं काहीच आलं नाही? आलं की!

डिसेंबर लागल्यापासून एक लांबलचक मेसेज सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गॅजेटांच्या बाबतीत २०२५ हे वर्ष कोरडं गेलं. फोन तोच, फक्त रंग नवा. एआय म्हणजे फोटोंचा खेळ, मराठी माणसाला त्याचा उपयोग शून्य. बाकी जे आलं ते बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, श्रीमंतांसाठी. यूपीआय अधूनमधून बंद पडतं आणि फसवणूक काही थांबत नाही. मुंबईकराच्या प्रवासात काडीचा फरक पडला नाही. आणि पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, आताच्या टिकत नाहीत. खाली नेहमीचं ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलेलं नाही. आणि नुसतं ‘पटलं नाही’ म्हणून सोडूनही देववत नाही, कारण असे मेसेज वाचून माणसं स्वतःच्याच फोनमधल्या चांगल्या सोयी वापरून बघायच्या राहून जातात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

फोन तोच, रंग नवा, हा पहिला मुद्दा. १९ सप्टेंबरला बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर रांगेत धक्काबुक्की झाली आणि पुढचा आठवडाभर चर्चा चालली ती आयफोन १७ प्रोच्या केशरी रंगाची. तेवढंच कानावर पडलं असेल तर मेसेज खरा वाटणारच. पण त्याच दिवशी विक्रीला आलेल्या साध्या आयफोन १७चा स्क्रीन १२० हर्ट्झचा झाला, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारा, सरकवताना अडखळत नाही असा. तोवर ॲपलकडे ही चैन प्रो घेणाऱ्यांनाच होती. सुरुवातीचं स्टोरेजही १२८वरून २५६ जीबीवर गेलं. ८२,९०० रुपये मला एका फोनसाठी जास्तच वाटतात, तरी ‘तोच फोन’ हे काही खरं नाही.

यंदा खरंच फुकट गेलेली मेहनत कुठली, ते मी सांगते: पातळ फोन. सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिलिमीटरचा, आयफोन एअर ५.६चा. हातात घेतल्यावर सुरेख वाटतात, वादच नाही. पण एजमध्ये बॅटरी ३,९०० एमएएचची (हे बॅटरीत किती चार्ज मावतो ते मोजायचं एकक) आणि एअरमध्ये ३,१४९ची. एक लाखाच्या वर पैसे मोजून दुपारी चार्जर शोधायचा, याला मी प्रगती म्हणणार नाही.

आणि नेमकी इथेच यंदाची सगळ्यात मोठी गोष्ट मेसेजवाल्याच्या नजरेतून सुटली. एप्रिलमध्ये आयक्यू (iQOO) कंपनीचा झेड१० फोन आला. किंमत २१,९९९पासून, जाडी आठ मिलिमीटरच्या आत आणि बॅटरी ७,३०० एमएएच. काही वर्षांपूर्वी पाच हजार म्हटलं की लोक ‘वा’ म्हणायचे. नोव्हेंबरमध्ये आलेल्या वनप्लस १५मध्येही ७,३००च. फोन जाड न करता एवढी भर पडली कशी? बॅटरीच्या ऋण टोकाला आजवर ग्रॅफाइट असायचं. त्यात सहा कार्बन अणूंमागे लिथियमचा एकच अणू मावतो. सिलिकॉन वजनाच्या हिशेबाने ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम धरू शकतं. अडचण एकच होती. चार्ज होताना सिलिकॉन भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं, आकारमान तिपटीच्या घरात जातं, आणि परत आकसताना त्याला भेगा पडतात. मग शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचे अगदी बारीक कण कार्बनच्या जाळीत बसवले, म्हणजे फुगायला जागा आधीच ठेवलेली. ऑनरने २०२३मध्ये चीनमध्ये हे पहिल्यांदा विकायच्या फोनमध्ये घातलं, आणि २०२५मध्ये ते आपल्याकडे वीस-पंचवीस हजारांच्या फोनपर्यंत पोचलं. ॲपल आणि सॅमसंग अजून त्या वाटेला गेलेले नाहीत. पाच वर्षांनी या बॅटऱ्या कशा राहतात ते पाहावं लागेल, हे मान्य. पण दोन वर्षांत प्रयोगातून बाजारात आणि बाजारातून मध्यमवर्गाच्या खिशात, हा वेग दांडगा आहे.

मुंबईत याचं मोल किती, ते चर्चगेटहून विरारला जाणाऱ्याला विचारा. साठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. रेल्वेचा पास फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ऑफिसात शिरायचा कोड फोनमध्ये, घरच्यांचे नंबरसुद्धा आता कुणाला तोंडपाठ नसतात. टीसी समोर उभा राहिला आणि फोन बंद पडलेला असेल, तर पास काढलेला असूनही आपण विनातिकीट. आमच्या सोसायटीत रात्री उशिरा पार्सल घेऊन येणारी मुलं बघा. फोनला रबरबँडने पॉवरबँक बांधलेली असते, वायर दिवसभर वाकून वाकून पिनेपाशी उघडी पडलेली, आणि ती एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग चालू राहतं. आठ टक्क्यांवर आलेल्या फोनवर ती ओटीपी विचारत असतात. फोन गेला की त्या रात्रीची कमाई गेली. या मुलांसाठी दोन-अडीच हजार एमएएचची भर ही केशरी रंगापेक्षा कितीतरी मोठी बातमी आहे.

आता एआयचा मुद्दा. मार्चमध्ये सगळ्यांनी जपानी कार्टूनसारखे फोटो केले, सप्टेंबरमध्ये जुन्या सिनेमातल्या नायिकांसारखे साडीतले. मजा आली आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यावरून ‘मराठी माणसाला उपयोग शून्य’ हा निष्कर्ष कसा काय निघतो? गूगलचं जेमिनी हे एआय ॲप जून २०२४पासून मराठीत चालतं. २०२५मध्ये गूगल सर्चच्या एआय मोडमध्येही मराठी आली. एअरटेलने एप्रिलमध्ये स्पॅम कॉलची सूचना मराठीतून द्यायला सुरुवात केली. स्क्रीनवर मराठीत सावध करणारी ओळ दिसते तेव्हा आपल्या घरातली वयस्कर माणसं कॉल घेण्याआधी थांबतात.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचं उदाहरण देते. महापालिकेच्या शाळेत आयुष्य गेलं, मराठी उत्तम, कायद्याच्या इंग्रजीचा मात्र कंटाळा. आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि विकसन कराराचा मसुदा सभासदांना वाचायला दिला होता. जाडजूड, सगळा इंग्रजीत. काकूंनी एकेका पानाचा फोटो काढला आणि फोनला सरळ मराठीत विचारलं: पर्यायी जागेचं भाडं कधीपर्यंत मिळणार? काम लांबलं तर काय? कॉर्पस फंड, म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, कधी देणार? उत्तर मराठीत आलं, कलमाच्या क्रमांकासकट. मग त्यांनी ते पान काढून, पेन्सिलीने खूण करून, माझ्याकडून ताडून घेतलं. “अगं, भाडं ओसी मिळेपर्यंत म्हटलंय की ताबा देईपर्यंत? दोन ठिकाणी दोन वेगळं लिहिलंय बघ.” ओसी म्हणजे नव्या इमारतीत राहायला परवानगी देणारं प्रमाणपत्र. खरंच तसं होतं. सर्वसाधारण सभेत त्यांनी तेवढाच प्रश्न विचारला आणि वकिलाला ते वाक्य बदलावं लागलं.

एआय चुकतं, बेधडक चुकतं, म्हणून काकूंनी पान उघडून बघितलं तेच बरोबर. त्याच्या भरवशावर सही करू नये, औषधाचा डोस ठरवू नये. पण ज्या शहरात पुनर्विकासाची ‘७९ अ’ कलमाची प्रक्रिया, ओसी आणि कॉर्पस हे शब्द दर दुसऱ्या इमारतीत ऐकू येतात, तिथे सामान्य सभासदाला स्वतःच्या घराचा करार स्वतःच्या भाषेत समजून घेता येणं, हे मला वर्षातलं फार मोठं काम वाटतं.

‘श्रीमंतांसाठी’ या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. १५ जुलैला बीकेसीत टेस्लाची शोरूम उघडली, मॉडेल वाय ही गाडी ५९.८९ लाखांपासून. गर्दी जमली, फोटो निघाले. माझ्या दृष्टीने ती यंदाची सगळ्यात गाजलेली आणि सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. रे-बॅन मेटाचा कॅमेरा असलेला चष्मा मे महिन्यात भारतात आला, २९,९००पासून. लोकलच्या डब्यात कुणी असा चष्मा घालून आपल्याकडे बघत असेल तर मला ते मुळीच आवडणार नाही, रेकॉर्डिंग चालू असताना त्यावर छोटा दिवा लागत असला तरी. मात्र हाच चष्मा ‘बी माय आइज’ या ॲपशी जोडला की दृष्टिहीन माणूस हात मोकळे ठेवून दूरच्या स्वयंसेवकाला समोरचं दृश्य दाखवू शकतो. तेवढ्यासाठी मी त्याला यादीतून काढणार नाही. आणि दुसरीकडे बघा: जुलैत एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो हे एआय साधन वर्षभर फुकट दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने दीड वर्ष जेमिनी प्रो, नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभर. या कंपन्या दानधर्म करायला बसलेल्या नाहीत. सवय लागावी म्हणूनच देतात. मुदत संपण्याआधी यूपीआयमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी तपासून घ्या. पण ही साधनं श्रीमंतांपुरती आहेत असं मात्र म्हणता येणार नाही.

यूपीआयबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. २६ मार्चला आणि १२ एप्रिलला ते देशभर अडखळलं, दुकानादुकानांत लोक ताटकळले. त्याच यूपीआयने ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, हेही त्याच दमात सांगायला हवं होतं. फसवणुकीचं म्हणाल, तर १ ऑक्टोबरपासून व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे पैसे मागणारी विनंती, बंद झाली. ‘तुमचा जुना सोफा मी घेतो, पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ या फसवणुकीचं ते मुख्य हत्यार होतं. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरात सगळ्यांना पुन्हा एकदा सांगाच, कारण ठग नव्या वाटा काढतात.

ऑक्टोबरमध्येच बीकेसीत भरलेल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरून पैसे देण्याची सोय जाहीर झाली, सुरुवातीला पाच हजारांपर्यंत. ही सोय कुणाची, ते लक्षात घ्या. पिन विसरणाऱ्या आजोबांची. गर्दीत खांद्यावरून कुणीतरी आकडे बघेल म्हणून फोन पदराआड धरणाऱ्या बाईची. मासळी बाजारात ओल्या हाताचा ठसा लागत नाही, तिथे चेहरा कामी येतो. शिवाय डेबिट कार्ड नसलेल्यांना आता आधारच्या चेहरा-पडताळणीने यूपीआय पिन ठरवता येतो. कार्ड कधी घेतलंच नाही म्हणून कितीतरी बायका आजवर या सगळ्याच्या बाहेर होत्या.

प्रवासात काही बदललं नाही, हा मुद्दा वाचून मी चकित झाले. ९ ऑक्टोबरपासून मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते आहे, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. त्याच्या आदल्याच दिवशी ‘मुंबई वन’ ॲप आलं: मेट्रो, लोकल, बेस्टसह अकरा सेवांची तिकिटं एका ठिकाणी. १ जुलैला रेल्वेचं ‘रेलवन’ ॲप आलं होतंच. भुयारात मोबाइलला रेंज मिळत नाही ही तक्रार खरी आहे आणि ती सुटायलाच हवी. तोवर तिकीट जिना उतरण्याआधी काढून ठेवावं.

राहिला टिकण्याचा मुद्दा. इथे मेसेजवाल्याची तळमळ मला मनापासून पटते. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. कितीतरी चांगले चालते लॅपटॉप असे आहेत की त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढतच नाही, कारण प्रोसेसर जुना किंवा सुरक्षेची चिप नाही. मुंबईतल्या संगणकांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, एसएसडी आणि रॅम बदलून ज्यांना तरुण केलं, ते लॅपटॉप केवळ या कारणाने भंगारात जावेत याचा मला राग येतो.

पण ‘पूर्वीचं टिकायचं’ हे फोनच्या बाबतीत उलटं आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी स्वस्त अँड्रॉइड फोनला दोन वर्षं अपडेट मिळाले तरी नशीब म्हणायचं. यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१७ला, म्हणजे १८,९९९च्या फोनला, सहा वर्षांचे अपडेट कबूल केलेत. युरोपात तर २० जूनपासून कायदाच झाला: मॉडेलची विक्री थांबल्यानंतर पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरी ८० टक्के राहिली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याचं दुरुस्ती हक्काचं पोर्टल २०२२पासून आहे, पण कंपन्यांवर अशी सक्ती नाही. ती यायला हवी, आणि त्यासाठी ओरडा करायचा असेल तर मी त्या मेसेजवाल्याच्या शेजारी उभी राहीन.

तोवर विंडोज १०वाल्यांसाठी एक काम. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत हे अपडेट फुकट मिळतात. लॅपटॉप विकायला काढण्याआधी हे करून बघा.