मालकाचं उत्तर: तो फोटो ७:२३ चा नाही

नमस्कार सर,

आमच्या शनिवारच्या फोटो-वॉकबद्दल (सगळ्यांनी मिळून फिरत फोटो काढायचे) तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढता ओढता वाचला. एक स्टार. "पावणेसहाला बोलावतात, पहिला फोटो ७:२३ ला. निळा प्रकाश केव्हाच गेलेला. झाडं सगळी हललेली, वर ओरडून बोलतात. ८०० रुपये गंगेला वाहिले." खाली पुरावा म्हणून होळकर पुलावरून काढलेला तुमचाच फोटो आणि त्याची वेळ.

तुम्हाला आणि ताईंना मनासारखे फोटो मिळाले नाहीत आणि माझा आवाज चढला, या दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो. ताईंना तर वेगळी माफी, त्या बिचाऱ्या पूर्ण वेळ थंडीत बॅग धरून उभ्या होत्या.

पण वेळेबद्दल जे लिहिलंय, ते मला गिळवत नाही. आमचं दुकान वडिलांपासूनचं. पासपोर्ट फोटोवर आता घर चालत नाही, लग्नाच्या ऑर्डरी मोठ्या टीमवाल्यांकडे जातात. शनिवारचा हा रात्रीचा फोटो-वॉक हाच काय तो हात देतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून पुढच्या शनिवारची तीन नावं गळाली. त्यातल्या एकाने स्पष्टच विचारलं, "तुम्ही दीड तास उशिरा सुरू करता म्हणे?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. नाशिकला तेव्हा सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. मावळल्या मावळल्या आकाश निळं होत नाही, दहा-पंधरा मिनिटं जावी लागतात. खरी निळाई साडेसहा ते पावणेसात, फार तर पाच मिनिटं इकडेतिकडे. तेवढ्याच वेळात आकाशाचा उजेड आणि रामकुंडावरच्या दिव्यांचा उजेड एका पातळीवर येतात. कळस आकाशापासून वेगळे दिसतात, पाण्यात रंग उतरतो. त्याआधी दिवे फिके आणि त्यानंतर आकाश काळं, की कळस त्यात गडप आणि दिव्यांचे नुसते पांढरे गोळे. या निळाईला ब्लू अवर म्हणतात म्हणून ती तासभर असते असं अनेकांना वाटतं. विलायतेत उन्हाळ्यात असेलही तशी, तिथे सूर्य तिरपा, रेंगाळत खाली जातो. आपण विसाव्या अक्षांशावर, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ बुडतो. म्हणून पावणेसहाला बोलावतो. जागा बघायची, ट्रायपॉड लावायचा, उजेड आहे तोवर फोकस पक्का करून ठेवायचा आणि थांबायचं.

त्या दिवशी आठ जण ५:४५ ला सुंदरनारायण मंदिरासमोर हजर होते. तुमचा फोन आला ६:०४ ला, "द्वारकेला अडकलोय, आलोच." द्वारकेचा चौक मलाही माहीत आहे, त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यांची जी दशा केलीय ती वेगळीच, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही पोचलात ६:२४ ला. मग कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायची प्लेट सापडेना. तुम्ही ती मोबाईलच्या टॉर्चवर बॅगेच्या सगळ्या कप्प्यांत शोधलीत, ती घरीच राहिली होती. शेवटी मी माझा कॅमेरा उतरवला आणि माझा ट्रायपॉड तुम्हाला दिला. त्या संध्याकाळचा माझा स्वतःचा एकही फोटो नाही, हे रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही. असो, तो माझा प्रश्न.

तुमची पहिली फ्रेम पडली ६:३८ ला. मी शेजारीच उभा होतो.

मग ७:२३ कुठून आले? सर, तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे आहे. ते नीट लावायचं राहिलं असं तुम्हीच नंतर चहाच्या टपरीवर म्हणालात. तरीही माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः टाकलेला फोटो बघा. त्यात कळसामागचं आकाश गडद निळं आहे. जानेवारीत ७:२३ ला नाशिकचं आकाश असं दिसत नाही, तोवर ठार काळोख झालेला असतो. पटत नसेल तर आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन घड्याळ लावून बघा. जो फोटो तुम्ही उशिराचा पुरावा म्हणून दिलात तोच सांगतोय की निळाई तुम्हाला मिळाली. कमी मिळाली, सात-आठ मिनिटं, पण मिळाली. आणि फोटो चांगला आहे हो! पाण्यातलं प्रतिबिंब सुरेख आलंय.

माझी चूक वेगळीच झाली. मी तुमच्यासाठी थांबलो. बाकीच्या आठ जणांना सव्वासहालाच पुलावर नेऊन उभं करायला हवं होतं. नवीन ग्राहक, जोडीने येतायत, रस्ता चुकायला नको, असा विचार केला आणि सगळ्यांचीच घाई केली. त्या आठ जणांनी ओरडा केला असता तर मान खाली घालून ऐकला असता. त्यांनी नाही केला.

झाडं हलली त्याबद्दल. पुलावरचे दोन-तीन फोटो बसच्या धक्क्याने हलले. जुना पूल आहे, जड गाडी गेली की थरथरतो, म्हणून मी "आता दाबा, आता थांबा" करत होतो. घाटावरच्या पिंपळाची गोष्ट निराळी. पिंपळाचं पान लांब, बारीक देठावर लोंबतं, वारा पडलेला असला तरी सळसळत राहतं. तुम्ही आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो ते) १०० आणि एफ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं मोठं) ८ धरून शटर २० सेकंद उघडं ठेवण्यावर अडून बसलात, "कमी आयएसओ म्हणजे क्लीन फोटो" म्हणून. खोड दगडासारखं स्थिर आलं आणि वर पानांचा धूर. मी सांगत होतो की एफ ४ करा, आयएसओ ८०० करा, तोच उजेड पाऊण सेकंदाच्या आत मिळतो आणि पानं दिसतात. फोटोत थोडा दाणा, म्हणजे रवाळपणा येतो, येऊ दे की. नाहीतर सीता गुंफेजवळच्या वडांवर २० सेकंद द्या. वडाचं पान जाड, देठ आखूड, पारंब्या तर जागच्या हलत नाहीत. तिथले तुमचे फोटो मी स्क्रीनवर पाहिलेत, स्वच्छ आहेत. एका अंगाने एलईडीचा पांढरा उजेड, दुसऱ्या अंगाने दुकानाचा पिवळा बल्ब, मधे पारंब्यांची सावली. ते मात्र रिव्ह्यूला जोडले नाहीत.

आणि ओरडलो तेही तिथेच. तिघांची शटर ३० सेकंदांसाठी उघडी होती आणि तुम्ही लेन्सची कॅप शोधायला टॉर्च लावला, थेट पारंब्यांवर. तिघांच्या फ्रेममध्ये त्या पारंब्या चुना फासल्यासारख्या आल्या. "टॉर्च बंद!" हे मी मोठ्याने म्हणालो, "कृपया" म्हणालो नाही. चुकलं. तेवढ्या वेळात दुसरं काही सुचत नाही, पण चुकलं.

८०० रुपये जास्त वाटले असतील तर त्यावर वाद नाही, प्रत्येकाचं गणित वेगळं. तीन तास, शेवटी चहा, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून प्रत्येकाचे पाच फोटो एडिट करून देतो. तुम्ही अजून आला नाहीत, तुमचे पाच बाकी आहेत.

पुढे सुधारणा करूच. वेळेचं काहीतरी पक्कं ठरवतो, मेसेजमध्ये ठळक लिहितो, प्लेट-बॅटरी-घड्याळ तपासून या असंही टाकतो. एक जादा ट्रायपॉड घ्यायचं बरेच दिवस मनात आहे, बघू. तुम्ही आणि ताई पुढच्या कोणत्याही शनिवारी परत या, पैसे घेणार नाही. फक्त पावणेसहाला या. ६:१५ ला मी पुलावर असेन, या वेळी कोणासाठीही थांबणार नाही.

जमलं तर रिव्ह्यूतली ती ७:२३ ची ओळ तेवढी बदला. स्टार एकच राहू द्या, हरकत नाही.

आणि हो, ती लेन्सची कॅप सापडली. माझ्याच बॅगेच्या बाहेरच्या खिशात होती, ट्रायपॉड देता-घेताना गेली असेल. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं, एरवी कधीही या.