जामीन झाला आणि पोरगं सुटलं नाही, म्हणून लगेच जेलरवर खापर फोडू नका

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: ‘जेलर म्हणजे किल्ल्या सांभाळणारा पोलिसच. मनात आलं तर मारतो, मनात आलं तर पॅरोल देतो. जामीन झाला तरी त्याचे हात ओले केल्याशिवाय पोरगं बाहेर येत नाही.’ हा मजकूर खरा मानणारं कुटुंब शहाद्याहून किंवा चोपड्याहून पैसे बांधून निघतं, जेलच्या फाटकाबाहेर मध्यस्थ शोधतं, आणि सुटका ज्या कागदावर अडली आहे तो कागद कोर्टातच राहतो. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी जामिनाचं. जामीन मंजूर होणं आणि सुटका होणं यांच्यामध्ये बरंच काम असतं. जामीनदार उभा करायचा, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक द्यायचं, मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला आणायचा. कोर्टाने ते स्वीकारलं की सुटकेचा वेगळा आदेश जेलकडे जातो. दार उघडतं ते या आदेशावर. वकिलाच्या मोबाइलवर आलेला जामिनाच्या निकालाचा फोटो त्यासाठी चालत नाही.

आदेश आला की जेलचा न्यायविभाग, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणारी शाखा, तो मूळ वॉरंटशी, म्हणजे ज्या कागदावर माणूस आत आला त्याच्याशी, ताडून पाहतो: नाव, वडिलांचं नाव, केस नंबर, पोलिस ठाणं, कलमं, सही-शिक्का. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. पावरा, वसावे, वळवी या आडनावांची सारख्याच नावाची दोन माणसं एकाच जेलमध्ये असू शकतात, मग वडिलांच्या नावातली एक चूकही महागात पडते. १ जुलै २०२४ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्यापासून कलमांचाही गोंधळ वाढला आहे. जुन्या चोरीच्या गुन्ह्यात वॉरंटवर जुनं कलम ३७९ आणि आदेशावर नवं ३०३ पडलं, तर अधिकाऱ्याला दुरुस्ती मागवावीच लागते. चुकीचा माणूस सोडला तर त्याची नोकरी जाऊ शकते. दुसऱ्या गुन्ह्याचं वॉरंट, समजा मालेगावचं किंवा सेंधव्याचं, जेलमध्ये येऊन पडलेलं असेल तर एका केसच्या आदेशावर सुटका होत नाही. आणि संध्याकाळी कैदी बराकीत बंद होऊन गणती जुळल्यावर आदेश पोहोचला तर सुटका बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसावर जाते.

मात्र आदेश बरोबर असताना माणूस आत ठेवणं बेकायदेशीर आहे, आणि ती जबाबदारी जेलचीच. बिहारच्या मुझफ्फरपूर जेलमध्ये रुदल शाह निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं आत राहिला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरकारकडून भरपाई द्यायला लावली. ३१ जानेवारी २०२३च्या आदेशात त्याच न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जेल अधीक्षकाकडे जावी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. सातपुड्यातल्या मजुराच्या घरच्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं, कारण त्यांचा माणूस बहुधा जामीनदारावाचूनच अडतो.

म्हणून आधी कोर्टात विचारा, सुटकेचा आदेश जेलकडे कधी गेला. मग जेलमध्ये विचारा, तो मिळाला का, आणि अडला असेल तर नेमक्या कोणत्या मुद्द्यावर. कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

या मजकुरात ज्याचा पत्ताच नाही असंही एक कर्तव्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कधीच दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने (ज्याचा खटला अजून चालू आहे अशा कैद्याने) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी निम्मा काढला, की जेल अधीक्षकाने लगेच कोर्टाकडे लेखी अर्ज करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तरीही हा लाभ मिळत नाही. अर्ज गेला का, हे विचारायचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.

‘जेलर म्हणजे पोलिसच’ हेही चूक. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी, तिथे तपास करणारे पोलिस असतात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की माणूस कारागृह विभागाकडे जातो, आणि तो विभाग वेगळा आहे. दाखल करताना झडती आणि वैद्यकीय तपासणी होते, अंगावरच्या जखमा लिहून घेतात. ही नोंद अधिकाऱ्याने घाईत उरकली तर कोठडीतल्या माराची खूण जेलच्या माथी बसते, आणि मार खाल्लेल्याचा पुरावाही जातो.

जेलमध्ये मारहाण होतच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण मारायचा अधिकार कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याला नाही. शिस्तभंगाची शिक्षा अधीक्षक देतो, आणि ती शिक्षा-वहीत नोंदवावी लागते. हे १८९४च्या कारागृह कायद्यापासून चालत आलं आहे. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. मार बसला असेल तर बंद्याने पुढच्या तारखेला, व्हिडिओवर का होईना, थेट न्यायाधीशांना सांगावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी.

पॅरोलचं थोडक्यात: न्यायाधीन बंद्याला पॅरोल नसतोच, त्याला कोर्टातूनच तात्पुरता जामीन घ्यावा लागतो. शिक्षा झालेल्याच्या संचित रजेसाठी (फर्लो) आणि नियमित अभिवचन रजेसाठी (पॅरोल) जेल वर्तणुकीचा अहवाल देतं, पोलिसांचाही अहवाल लागतो, आणि मंजुरी वरच्या कार्यालयातून येते.

राहिलं आजारपण. आजाऱ्याला बाहेर पाठवायची शिफारस वैद्यकीय अधिकारी करतात. पण धुळ्याच्या हिरे रुग्णालयात न्यायचं किंवा कोर्टाच्या तारखेला हजर करायचं, तर पोलिस मुख्यालयाकडून गार्ड मिळावी लागते. बंदोबस्ताच्या दिवसांत ती मिळत नाही आणि तारीख हुकते. अशा वेळी गार्डची मागणी कोणत्या तारखेला पाठवली होती, हे जेलकडून लेखी मागा. मागणी गेली असेल तर पुढचा प्रश्न पोलिस मुख्यालयाला करा. गेलीच नसेल, तर चूक जेलची आहे आणि ती कोर्टापुढे मांडा.