विद्येच्या माहेरघरी नांदवावं कसं?

जून-जुलै उजाडला की पुणे स्टेशनवर स्वतःपेक्षा मोठ्या बॅगा ओढत पोरं उतरू लागतात. कुणी पाटण्याचा, कुणी कोट्टयमची, कुणी थेट ऐझॉलहून. आपलं शहर पडलं विद्येचं माहेरघर, पूर्वेचं ऑक्सफर्ड वगैरे. तेव्हा या लेकरांना रुळवणं तुमच्यावरच आलं. माहेरघर विद्येचं आहे, विद्यार्थ्याचं नव्हे, एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं.

सुरुवात खोलीपासून करा. मागच्या खोलीत तीन कॉट मावत असतील तर चार टाका, कारण भाडं कॉट बेसिसवर मिळतं, हवेवर नाही. अकरा महिन्यांचा करार, भरभक्कम डिपॉझिट आणि दारामागे नियमांची पाटी, तीही शुद्ध मराठीत. वाचता येत नसेल तर तो त्याचा प्रश्न. पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे त्याला कळलंच पाहिजे.

मणिपूरची मुलगी आली तर आधी पासपोर्ट मागा. ती आधार कार्ड काढेल. ते उलटसुलट करून बघा आणि ‘हिंदी छान बोलता हं तुम्ही’ अशी शाबासकी द्या. ईशान्येत आठ राज्यं आहेत म्हणे. आपल्याला ‘तिकडची’ एवढं पुरतं. केरळ, तमिळनाडू, आंध्रसाठी ‘मद्रासी’ आहेच. नागालँडच्या मुलानं आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी शिजवली, तर सोसायटीची तातडीची मीटिंग बोलवा. वरच्या मजल्यावरच्या काकू सुकट भाजतात त्याची गोष्ट वेगळी. तो वास नसतो, ती गावाकडची आठवण असते.

मराठी मात्र शिकवाच. महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, हे पहिल्याच दिवशी हिंदीतून बजावा. पोरगं भाबडं असेल तर खरंच शिकायला लागेल आणि पंधरा दिवसांनी स्टॉपवर तुम्हाला विचारेल, ‘काका, हा बस विद्यापीठला जाते?’ आता दोनच रस्ते आहेत. एक, ‘हा नव्हे, ही बस’ म्हणून चारचौघांत सुधारणा करा. त्याच्या आसामी भाषेत खुर्ची ती, टेबल ते आणि पंखा तो असली भानगडच नाही, पण म्हणून आपण का सोडायचं? दुसरा रस्ता जास्त पुणेरी: ‘हाँ हाँ, जाती है, बैठो.’ त्यानं पुन्हा मराठीतून सुरुवात केली तरी तुम्ही हिंदी सोडू नका. तीन वर्षं असं नेटानं केलंत, तर कोर्स संपताना त्याचं मराठी जिथल्या तिथं असेल आणि ‘ही लोकं आपली भाषा शिकतच नाहीत’ म्हणायला तुम्ही मोकळे.

पत्ता विचारला तर जे आता नाही त्याच्या खुणेनं सांगा. ‘विद्यापीठ चौकात जुना पूल होता ना, तिथून डावीकडे.’ तो पूल २०२० साली पाडला, आणि पोरगा आलाय काल. शोधू दे. आत गेल्यावर चारशेहून अधिक एकरांचा कॅम्पस आहे, तिथं हरवण्याची सवय उपयोगी पडते. कॉलेजच्या खिडकीवर मायग्रेशन सर्टिफिकेट नि पात्रतेचा अर्ज यांचं जे चालतं, त्यात तुम्ही पडू नका. तिथली माणसं आपापलं काम चोख करतात, जेवणाची सुट्टी संपल्यावर.

जेवणाचं म्हणाल तर मेस आहे. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. रविवारी रात्री माणसाला भूक लागत नाही, हा शोध आपल्याच शहरातला. दिवाळीत तर मेसवाले आठवडाभर कुलूप लावून गावी जातात. तेव्हा जिन्यात भेटलेल्या पोराला आपुलकीनं विचारा, ‘काय रे, घरी नाही गेलास?’ रेल्वेनं गुवाहाटी गाठायलाच दोनेक दिवस लागतात, आणि ऐझॉल त्याच्याही पुढे. तो हसेल. तुम्हीही हसा आणि फराळाचं ताट घेऊन समोरच्या जोश्यांकडे जा. नाताळात त्याचा सण असतो, पण तेव्हा सबमिशन असतं.

आणि तो खोली सोडेल त्या दिवशी भिंती नीट तपासा. कॉटच्या डोक्याशी एक खिळा सापडेलच. त्यावर त्यानं आईचा फोटो टांगलेला असतो. फोटो तो घेऊन जाईल. खिळ्याचे पाचशे डिपॉझिटमधून कापा, रंगाचे वेगळे. खिळा काढू मात्र नका. कालनिर्णय तिथं अगदी बेताचं बसतं.