टायमर 1 वर आणला की काम झालं?

सोलापुरातल्या नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'स्विचवर डॉटवनएक्स आहे? टीएक्स-पीरियड 1, क्वाएट-पीरियड 1, रीऑथ 60 सेकंद करा. पोर्ट झटक्यात उघडतो, सिक्युरिटीही वाढते.' डॉटवनएक्स म्हणजे ओळख पटल्याशिवाय पोर्टावरच्या यंत्राला नेटवर्कात न घेण्याची पद्धत; बाकीचे तिन्ही तिचे टायमर.

'पोर्ट झटक्यात उघडतो.' पोर्ट उशिरा उघडतो, ही मूळ तक्रार खरी आहे. सिस्कोच्या स्विचवर टीएक्स-पीरियड, म्हणजे 'कोण आहेस?' विचारून उत्तराची वाट बघायचा वेळ, मुळात 30 सेकंदांचा, आणि उत्तर आलं नाही तर आणखी दोनदा विचारणा. म्हणजे डॉटवनएक्स न कळणाऱ्या लेबल प्रिंटरला मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) आत घ्यायला 90 सेकंद; तोवर तो डीएचसीपीकडे आयपी पत्ता मागून दमलेला असतो. पण 1 केलं की सगळा निकाल 3 सेकंदांत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल कारखान्याचं ऑफिस घ्या. वीज जाऊन आली, कार्डाची लिंक लगेच वर आली, विंडोज मात्र अजून उठतंय. स्विच तीनदा हाक मारतो, कुणी ओ देत नाही. मग तो पीसीचा मॅक यादीत शोधतो, सापडत नाही, आणि पोर्ट गेस्ट व्हीलॅनमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कात, टाकतो. नंतर खरं लॉगिन होऊन व्हीलॅन बदललं, तरी काही यंत्रं जुनाच आयपी धरून बसतात. की आला फोन: 'ओ साहेब, टॅली उघडंना झालंय!' टीएक्स-पीरियड 10 ठेवा; 30 सेकंदांत प्रिंटरही आत येतो आणि विंडोजलाही उसंत मिळते.

'क्वाएट-पीरियड 1.' हा सल्ला तर घातकच. नापास झाल्यावर पोर्ट 60 सेकंद गप्प बसतो, ते उगाच नाही. पासवर्ड बदललाय, पण लॅपटॉपमध्ये जुनाच साठवलाय, असा एक गडी पुरे: तो धडाधड चुकीचा पासवर्ड पाठवणार आणि डोमेनवर त्याचं खातं लॉक होणार.

'रीऑथने सिक्युरिटी वाढते.' कशी? रीऑथ म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा ओळख तपासणं. प्रिंटरचा मॅक चोरून आत शिरलेला माणूस दर मिनिटाला तोच मॅक दाखवून पुन्हा पास होतो. 200 पोर्ट असतील तर तासाला 12,000 तपासण्या. 3600 सेकंद ठेवले तर 200. त्यातून ओळख तपासणारा रॅडियस सर्व्हर पुण्यात, व्हीपीएनपलीकडे असला तर बघायलाच नको. नोकरी सोडलेल्याला तत्काळ बाहेर काढायचं असेल तर त्यासाठी सीओए (चेंज ऑफ ऑथरायझेशन) आहे, 2008 च्या आरएफसी 5176 या इंटरनेट दस्तऐवजातलं. सर्व्हरच स्विचला सांगतो, हे सेशन तोड.

आणि सर्व्हर स्वतः सेशन-टाइमआउट, म्हणजे पुन्हा तपासणीची मुदत, पाठवत असेल, स्विचला तोच मानायला सांगितलं असेल, तर मेसेजमधल्या त्या 60 कडे स्विच ढुंकूनही बघत नाही.