कोणते पाटील?

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पाटील म्हणजे कोणते पाटील?" मी गावाचं नाव सांगतो. समोरच्याला गाव नको असतं. मग "नाही, म्हणजे मूळ आडनाव काय?" असं जरा वळसा घेऊन तेच येतं. भाड्यानं घर बघताना तर हमखास.

कारण पाटील या शब्दावरून त्याला हवं ते कळतच नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, दि. बा. पाटील आगरी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं मूळ आडनाव पिसाळ. खानदेशात लेवा पाटील, सोलापूर-लातूरकडे लिंगायत पाटील. पाटील हा हुद्दा होता हो! सारा गोळा करायचा, भांडणं मिटवायची, पोळ्याला पहिला मान घ्यायचा. दप्तर सांभाळायला कुलकर्णी. हे वतन वंशपरंपरेनं चालायचं, वाटणीत यायचं, विकलंही जायचं आणि काढूनही घेतलं जायचं. रांझ्याच्या ज्या पाटलाचे हातपाय शिवाजी महाराजांनी बदअमलाबद्दल तोडले, तो बाबाजी गुजर. महाराजांच्या १६४६ सालच्या पत्रात त्याची पाटीलकी गेली आणि त्याच्याच गोतातल्या दुसऱ्या गुजराला मिळाली. पाटीलकी गेली तरी गुजर तो गुजरच राहिला.

आमचं उलटं झालं. १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटीलकी संपली, आडनाव मात्र चिकटून राहिलं. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'पाटील' लिहिणाऱ्या पोरांना कोणी सांगा, आता गावात पद आहे ते पोलीस पाटलाचं. अर्ज करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आरक्षणही असतं. बाई पोलीस पाटील झाल्यावर नाकं मुरडणारे पाटील मी पाहिलेत.

त्यात नाव संजय असेल तर विचारूच नका. प्रत्येक वर्गात एक तरी संजय पाटील, म्हणून हजेरीत बापाचं नाव लावायचं. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत संजय पाटील पडले, ईशान्य मुंबईत संजय पाटील निवडून आले! सांगलीत तर विशाल, संजय आणि चंद्रहार, तिन्ही प्रमुख उमेदवार पाटीलच. तिथं "कोणते पाटील" हा प्रश्न रास्त होता, एवढं मी मान्य करतो.

घर बघायला गेल्यावर मात्र मी हल्ली उलट विचारतो, "भाडं किती, ते सांगा आधी."